चिकटवलेलं विमान

पेट्रोल पंप मागे पडल्यावर भाऊजी तिसऱ्यांदा थांबले. खोका त्यांनी कालव्याच्या कठड्यावर टेकवला, सुतळी सोडली, झाकण उचललं आणि आतल्या विमानाचा उजवा पाय दोन बोटांत धरून हलकेच दाबला. पाय हलला नाही. डावा दाबला, तोही हलला नाही. मग त्यांनी झाकण ठेवलं, सुतळी पुन्हा बांधली, खोका छातीशी धरला आणि चालू लागले.

"अजून ओलं असेल," मी म्हणाले. मलाही ते पटत नव्हतं, पण गप्प बसवत नव्हतं.

"तो गोंद दहा सेकंदांत वाळतो, मेहुणबाई. परवा घातलाय."

"मग सारखं काय उघडून बघताय?"

"सवय," ते म्हणाले.

विमानाला पाय कसे, हे आधी सांगायला हवं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. प्लास्टिकच्या सुट्या तुकड्यांचे खोके मिळतात, त्यातून विमानं जोडायचा त्यांना नाद आहे. साधी विमानं नव्हेत. दिसायला लढाऊ विमान, पण एकेक घडी उलगडत गेलं की त्याचा यंत्रमानव होतो. इंजिनं खाली वळतात ते पाय, पोटाखाली दुमडलेले हात बाहेर येतात, पंख पाठीवर जातात, नाकाची घडी पडून छाती होते आणि पाठीतून एवढंसं डोकं वर येतं. या दोन्हींच्या मध्ये आणखी एक अवस्था असते. अंग विमानाचं, पण खाली पाय फुटलेले, आणि गुडघे मागे वाकलेले. हा नाद असलेली माणसं तिला काहीतरी भारदस्त नाव देतात. माझी बहीण तिला कोंबडी म्हणते.

त्या रविवारी खोक्यात होती ती कोंबडी. धड विमान नाही की धड माणूस नाही. त्याच अवस्थेत तिच्या सांध्यांत कोणीतरी गोंद सोडून तिला कायमची बंद केली होती, आणि वर पहिलं बक्षीस दिलं होतं.

बक्षीस माझ्या पिशवीत होतं. भाऊजींच्या नावाचा कागद, काचेच्या चौकटीत बसवलेला. पिशवीचा बंद खांद्याला रुतत होता आणि ती चौकट उचलून कालव्यात भिरकावावी असं मला प्रत्येक पुलावर वाटत होतं.

प्रदर्शनाच्या सभागृहापासून ताईचं घर चालत दोन तास. बस आहे, दर वीस मिनिटांनी. पण भाऊजी मॉडेल घेऊन बसमध्ये चढत नाहीत. खड्ड्यांत धक्के बसतात आणि सांध्यांतल्या खिळ्या हळूहळू सरकतात, असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी जाताना आम्ही चालतच गेलो होतो. तेव्हा विमान स्पंजच्या खाचेत असं बसलं होतं जसा चष्मा त्याच्या डबीत. आता कोंबडी त्या खाचेत मावेना. भाऊजींनी टेबलाशी उभं राहून तो स्पंज स्वतःच्या हातानं फाडून काढला, स्वेटर उतरवला आणि त्यात तिला गुंडाळलं. तरी झाकण बसेना, म्हणून सुतळी.

"आता बसनं गेलो असतो तरी काय बिघडलं असतं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

भाऊजींनी वाईट वाटून घेतलं नाही. ते कधीच घेत नाहीत, आणि माझा जीव त्यानंच जळतो.

चौतीस वर्षं या माणसानं लोकांच्या तोंडात दात बसवले. डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर माप घेतात आणि पाठवून देतात. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत, सहा पायऱ्या उतरून एक खोली आहे, तिथे भाऊजी आणि दोघं जण त्या मापावरून कवळ्या करतात. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यातून फक्त लोकांचे बूट दिसतात. भुवयांपर्यंत प्लास्टरची पांढरी धूळ. फोन वाजला की पलीकडून डॉक्टर विचारतात, "कोण, लॅब का?" भाऊजी म्हणतात, "हो, लॅब." चौतीस वर्षांत तिकडच्या निम्म्या डॉक्टरांना त्यांचं नाव ठाऊक नाही. लोक छान हसतात, नीट जेवतात आणि धन्यवाद डॉक्टरांना देतात.

एकदा चपलांच्या दुकानात एक बाई दुकानदाराशी भांडत होती. भाऊजी दारातच उभे राहिले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ताईनं दंडाला धरून ओढलं, "अहो, काय बघताय परक्या बाईकडे?" तर हे म्हणतात, "वरची कवळी माझी आहे. किती छान भांडतेय बघ, एक दात हलत नाही." ताई ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते आणि ते अजून लाजतात.

त्यांचं एक ठाम मत आहे. कवळी काचेच्या टेबलावर कितीही सुंदर दिसली तरी ती झाली असं ते म्हणत नाहीत. त्यांच्याकडे जबड्यासारखं उघडझाप करणारं पितळी यंत्र आहे, त्यात ती बसवून शंभरदा चावून बघतात. "तोंड उघडलंच नाही, तर त्याला दात म्हणायचं का?" असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. विमानांच्या बाबतीतही तेच. बाजारात हे खोके घेणारे बरेच जण विमान एका अवस्थेत जोडतात, रंगवतात आणि काचेत ठेवतात, कारण हलवलं की रंग खरवडतो. भाऊजी रंगवायच्या आधी प्रत्येक सांध्याच्या आतल्या बाजूनं केसभर प्लास्टिक कानशीनं काढतात, म्हणजे रंगाला जागा राहते. एकेका सांध्याला एकेक संध्याकाळ.

ताईला हे सगळं पोरखेळ वाटायचं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि तिची जीभ तेव्हाही धारेची होती. "दिवसभर दुसऱ्यांचे दात, घरी आल्यावर राक्षसांचे पाय. माझ्याकडे कधी बघणार?" असं म्हणायची. तेव्हा ते तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुझे दात चांगले आहेत, मला काम नाही."

मग तिची नजर गेली. काचबिंदू. कडेकडेनं अंधार येत गेला, सात वर्षं लागली, आणि शेवटी किल्लीच्या भोकाएवढं दिसत होतं तेही मिटलं. शाळा सुटली. ज्या बाईपुढे पोरं चळाचळा कापायची, तिच्याशी लोक आता मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलू लागले, जसं काही तिला ऐकूही येत नाही. पाहुणे तिच्यासमोर भाऊजींना विचारायचे, "त्या चहा घेतात का?" मी एकदोघांना सुनावलं. ताई नुसतीच बसून राहायची. त्या दीड वर्षात ती टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत, एवढंच जगली.

एके दिवशी दुपारी भाऊजींचं अर्धवट जोडलेलं विमान टेबलावर राहिलं होतं. ताई पाण्याचा पेला शोधत होती, तिच्या हाताला ते लागलं. मी समोर भाजी निवडत होते. तिनं ते उचललं, चाचपलं, आणि एक पाय दुमडून बरोबर पोटाखालच्या खाचेत सरकवला. 'टक' असा बारीक आवाज झाला. कोणी सांगितलं नव्हतं तिला. आवाज ऐकून ती थांबली, पाय पुन्हा बाहेर काढला आणि पुन्हा सरकवला. दारात भाऊजी उभे होते, हातात पिशवी, एक बूट काढलेला. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हे इथून वाकतं, मग हे अडतं," ताई स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे आधी ते वळायला हवं. कोणी बनवलंय हे, डोकं आहे त्याला."

त्यानंतर चौदा महिने भाऊजी एकच विमान जोडत होते. खास तिच्यासाठी. तसल्या खोक्यांत सगळ्यांत जास्त घड्यांचा जो होता तो त्यांनी घेतला, एकोणतीस घड्यांचा. त्याचे सांधे त्यांनी नेहमीपेक्षा सैल ठेवले. तिला जोर लावावा लागला तर पुढे काय येतंय हे बोटांना कळत नाही, म्हणून. गुडघ्यांवर कवळीच्या मसाल्याचे बारीक ठिपके दिले, उजवीकडे एक, डावीकडे दोन, म्हणजे हातात घेतल्याबरोबर बाजू समजावी. खसखशीच्या दाण्याएवढे ठिपके, आणि सगळे एका उंचीचे. रंग ताईनं सांगितला, निळा. कुठला निळा यावर तीन दिवस वाद चालला. दिसत असताना तिनं कधी रंगावरून इतकी हुज्जत घातली नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ती खुर्चीत बसते आणि विमानाचा माणूस करते, माणसाचं पुन्हा विमान. पहिल्यांदा अर्धा तास लागायचा, आता चार मिनिटं. भाऊजी समोर बसतात आणि काही बोलत नाहीत. मध्येच कुठे अडलं तर ती त्यांनाच झापते, "सतरावी घडी कुरकुरतेय, बघा जरा." पाहुणे आले की ती ते हातात घेऊन करून दाखवते, आणि लोक तिच्याशी नीट आवाजात बोलू लागतात. मी देवाकडे तिच्यासाठी खूप काही मागितलं होतं. हे मागायचं मला सुचलंही नसतं, ते त्यानं आपणहून दिलं, असं मी मानते. निदान त्या रविवारपर्यंत तरी मानत होते.

प्रदर्शनात पाठवायचा हट्ट ताईचा.

"उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात गेला तुमचा," ती म्हणाली. "एकदा तरी तुमच्या नावाची पाटी लागू दे. मी तीन दिवस हात बांधून बसेन. पण जसं नेताय तसं आणायचं."

फॉर्म मी भरला, माझं अक्षर बरं आहे म्हणून. विमान, यंत्रमानव आणि मधली अवस्था असे तीन गट होते, त्यातला एक निवडायचा. भाऊजी म्हणाले, तिन्हींवर खूण करा, ते तिन्ही आहे. मी केल्या. खाली 'विशेष माहिती' असा रकाना होता. मी लिहायला घेतलं, नजर नसलेल्या व्यक्तीच्या हातासाठी. भाऊजींनी पेनावर हात ठेवला.

"ते नको."

"का नको? खरंच आहे."

"मग ते कामाकडे बघणार नाहीत, तिच्याकडे बघतील. कीव करून मिळालेली पाटी तिला नको आहे."

मी रकाना मोकळा सोडला. त्यावरून आजही मी त्यांच्यावर रागावलेली आहे, हे इथे लिहून ठेवते. फॉर्मसोबत त्यांनी घड्यांची आकृती काढून एक कागद जोडला, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हलवून पाहावे.' तो कागद कोणी वाचला नाही.

रविवारी दुपारी आम्ही विमान आणायला गेलो तेव्हा दारातच एकानं भाऊजींचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. आम्ही टेबलाशी गेलो. मधल्या अवस्थेच्या गटात ते उभं होतं, समोर भाऊजींच्या नावाची पाटी, शेजारी बक्षिसाची चौकट. भाऊजी पाटीकडे बघत राहिले. मलाही, खरं सांगते, भरून आलं. मग विमान स्पंजमध्ये ठेवायचं म्हणून ते पाय वर घ्यायला गेले, आणि पाय वर गेला नाही.

त्यांनी दुसरा सांधा पाहिला, मग तिसरा. त्यांचा चेहरा बदलला नाही, कान मात्र लाल झाले.

"हे कोणी चिकटवलं?" त्यांनी विचारलं. पाण्याचा नळ कुठे आहे विचारावं तशा आवाजात.

"मीच," गळ्यात भिंग अडकवलेले एक गृहस्थ खुशीत पुढे आले. ते परीक्षक. "काका, तुमचं रंगकाम म्हणजे अप्रतिम. पण सांधे फार सैल राहिलेत. शुक्रवारी सकाळी मी उभं केलं, दुपारपर्यंत गुडघ्यांत बसायला लागलं. तोंडावर पडलं असतं. मग एकेक थेंब सोडला. पातळ असतो तो, आत झिरपतो, बाहेर डाग दिसत नाही. माझा स्वतःचा, घरून आणलेला."

"सांधे सैल ठेवलेत."

"हो, तेच म्हणतोय मी."

"राहिले नाहीत. ठेवलेत. मुद्दाम."

भिंगवाले हसले. "मुद्दाम कोण सैल ठेवतं, काका?"

इथे माझा संयम संपला. "दुसऱ्याच्या वस्तूत गोंद ओतायच्या आधी विचारायची पद्धत नाही का तुमच्यात? फॉर्मवर फोन नंबर होता. तो काय शोभेला लिहिला होता?"

"ताई, तुम्हाला यातलं माहीत नाही म्हणून," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकदा अवस्था ठरली की आम्ही सगळेच थेंब टाकतो. माझ्या घरी साठ मॉडेल्स आहेत, एकही हलत नाही."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. साठ विमानं, वीस-पंचवीस घड्यांची, कोणातरी हुशार माणसानं रात्रंदिवस डोकं लावून घडवलेली, आणि एकही हलत नाही.

"मग एवढ्या घड्यांची कशाला घेता? पुतळे घ्या की," मी म्हणाले.

"मेहुणबाई," भाऊजी म्हणाले.

"नाही, मला बोलू द्या. अहो, ते बघायला नाहीच केलेलं. माझ्या बहिणीला दिसत नाही. ती हातांनी ते उलगडते, रोज. आता तिनं काय करायचं? हातात धरून बसायचं?"

भाऊजींनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी काय करून बसले ते मला कळलं. नोंदणीच्या बाई लगबगीनं उठल्या. "अगंबाई, मग फॉर्मवर लिहायचं ना. वेगळा गट केला असता. पेपरवाल्यांनाही बोलावलं असतं."

वेगळा गट म्हणे. न हलणाऱ्या पुतळ्यांचा तो मुख्य गट, आणि जे खरोखर चालतं त्याला कोपऱ्यात वेगळा.

"पण मग," बाजूचा एक जण अगदी निरागसपणे म्हणाला, "त्यांना दिसत नाही तर रंग कशाला एवढा बारीक?"

"तिनं सांगितला," भाऊजी म्हणाले. "निळा."

गुणांचा तक्ता तिथेच टाचलेला होता. रंगकाम दहापैकी नऊ. मांडणी दहापैकी दहा. आणि खाली, 'दोन्ही गुडघ्यांवर पृष्ठभागाचे दोष: दोन गुण वजा.' ते ठिपके. खसखशीएवढे, एका उंचीचे, भिंगातून बघून दोन गुण कापलेले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. भाऊजींनी चौकट उचलली, माझ्या हातात दिली, आणि भिंगवाल्यांना म्हणाले, "तुम्ही वाचवायलाच गेलात. कळलं मला." आणि स्पंज फाडायला लागले.

म्हणून मी रस्ताभर धुमसत होते. कालवा संपला, कारखान्याची लांब भिंत सुरू झाली, तिच्या सावलीत चालता चालता मी सगळं बोलून घेतलं. की ती चौकट तोंडावर फेकायला हवी होती. की चौतीस वर्षं 'लॅब' म्हणवून घेतलं त्याची ही फळं आहेत. की सभ्यपणालाही एक मर्यादा असते आणि तिच्या पुढे गेलं की समोरच्याला वाटतं, आपण उपकारच केले. मी रोज सकाळी हात जोडते तेव्हा ओळखीच्या सगळ्यांसाठी मागते, भांडलेल्यांसाठीही. त्या भिंगवाल्यासाठी मागायला मला आजही जमलेलं नाही, आणि देवाला ते ठाऊक आहे.

"चौकट का घेतलीत ते तरी सांगा," मी म्हणाले.

"तिनं त्यासाठी पाठवलं होतं."

"आणि जसं नेलं तसं आणायचं, तेही सांगितलं होतं."

भिंत संपली. मग भाऊजी म्हणाले, "मला त्याची मान धरावीशी वाटली. खोटं कशाला बोलू. हात पुढे गेलाच होता. पण हातात विमान होतं."

ते त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की माझा अर्धा राग तिथे उतरला, आणि उरलेला आणखी घट्ट बसला.

"सुटेल का हो?" मी विचारलं.

"औषध असतं गोंद विरघळवायचं. पण त्यानं रंग जाईल, आणि हे प्लास्टिकही मऊ पडतं. दुसरा उपाय, कापायचं. माझ्याकडे करवत आहे, कागदाएवढी पातळ. पण पातळ झाली तरी ती थोडं प्लास्टिक खाणारच. सांधा आधीच सैल होता, आणखी खाल्ला तर पाय लटकेल. मग तिला घडी बसल्याचं कळणार नाही."

"नवीन खोका?"

"कंपनीनं बंद केलाय. बघेन कोणाकडे जुना असला तर. वर्ष जाईल, जास्तही. आणि..." त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडून मिटली. साठी ओलांडल्यापासून त्यांना सकाळी अर्धा तास बोटं चोळावी लागतात, लॅबमध्येही आता आठवड्यातून तीनच दिवस जातात. तो विषय त्यांनी पुरा केला नाही, मीही ताणला नाही.

ताईची गल्ली आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. खालच्या शिंप्यानं दुकानातूनच विचारलं, "काय, लागला का नंबर?" भाऊजींनी मान हलवली. शिंपी म्हणाला, "मग पेढे कुठे?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मशीनवर वाकला.

वर ताईची खिडकी उघडी होती. आमची पावलं तिला जिन्याच्या आधीच ओळखू येतात, त्यामुळे तिला कळलेलंच असणार की आम्ही खाली आलोय. मी मनाशी वाक्य जुळवत होते. आधी बक्षिसाचं सांगायचं, मग पाणी मागायचं, मग तिच्याजवळ बसून हळूच बाकीचं. माझ्या बहिणीला मी सांभाळून सांगितलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "थांबा जरा."

मी थांबले. त्यांनी आवाज खाली आणला.

"वर गेल्यावर तुम्ही आधी बोलू नका."

"मग तिला सांगणार कोण? तुम्ही?"

"कोणीच नाही. मी खोका तिच्या हातात देणार."

"भाऊजी, तिला धक्का बसेल हो. तीन दिवस वाट बघत बसलीय ती."

"बसेल. पण आधी सांगितलंत तर ती हातच लावणार नाही. कपाटात ठेवून द्या म्हणेल आणि खिडकीशी जाऊन बसेल. तुम्ही पाहिलीय तशी बसलेली. मीही पाहिलीय." त्यांनी खोका एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "आणि मला तिची बोटं हवीत त्याच्यावर. मी पाच सांधे मोजलेत. पण कुठे गोंद आतपर्यंत गेलाय आणि कुठे नुसता कडेला धरलाय, ते मला नाही सांगता येत. तो सांधा मी केला, पण रोज हलवलाय तिनं. किती दाबल्यावर तो कसा बोलतो ते तिला माहीत. ती जिथे बोट ठेवेल तिथे करवत लावीन. नाही ठेवलं तर नाही लावणार."

"आणि ती रडायला लागली तर?"

"रडू दे. चिडेलही, माझ्यावरच चिडेल. मी आहे ना समोर." मग ते किंचित हसले, दिवसभरात पहिल्यांदा. "ती सगळे सांधे बघून होईपर्यंत तुमच्या तोंडून शब्द नको. भिंगवाला नको, दोन गुण नकोत, चौकटही पिशवीतच राहू दे. तुम्हाला जड जाईल, ठाऊक आहे मला. पण तेवढं माझ्यासाठी करा, मेहुणबाई. ती विचारेपर्यंत गप्प बसा."